ग्रामीण व्यावसायिकांसाठी अल्पखर्ची मोबाईल अ‍ॅप : वारणेचा अनुभव आणि सानगडीतील भात गिरणीचा आराखडा

१. प्रस्तावना

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील सानगडी हे गाव तेथील जुन्या किल्ल्यामुळे परिचित असले तरी त्याचे आजचे अर्थकारण मुख्यतः धानावर उभे आहे. रोवणीच्या दिवसांत कृषी केंद्रावर खतासाठी होणारी गर्दी, मळणीनंतर भात गिरणीसमोर लागणारी रांग आणि हंगामाअखेरीस किराणा दुकानातील उधारीचा हिशेब या तीन ठिकाणी धानपट्ट्यातील बाजारगावाचा बहुतेक व्यवहार एकवटलेला दिसतो. या तिन्ही ठिकाणी आता मोबाईल पोहोचला आहे. परंतु मोबाईल पोहोचला म्हणजे त्याचा व्यवसायाला उपयोग झाला, असे गृहीत धरता येत नाही.

लहान व्यावसायिकाला 'तुमचेही एक अ‍ॅप असले पाहिजे' असा सल्ला अलीकडे सहज दिला जातो. त्याच्यासाठी काही हजारांचा खर्च लहान नसतो. असे अ‍ॅप तयार होऊन वापराविना पडून राहिले तर त्याचे पैसे तर जातातच, शिवाय नव्या साधनांवरचा त्याचा विश्वासही उडतो. म्हणून अ‍ॅप कसे बनवावे या प्रश्नाच्या आधी ते नेमकी कोणती अडचण दूर करणार, हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील प्रत्यक्ष अनुभवाच्या आधारे या दोन्ही प्रश्नांचा विचार केला आहे.

२. लेखाची उद्दिष्टे

(१) मोबाईल सेवेतून होणाऱ्या मूल्यवर्धनाची संकल्पना स्पष्ट करणे.
(२) वारणा परिसरातील प्रयोगाचा आणि संबंधित अभ्यासांचा आढावा घेणे.
(३) सानगडीसारख्या गावातील भात गिरणीसाठी अल्पखर्ची अ‍ॅपचा आराखडा मांडणे.
(४) अशा अ‍ॅपच्या खर्चाचे, भाषेचे आणि माहितीच्या सुरक्षिततेचे प्रश्न तपासणे.

३. 'व्यावसायिक ग्राहक' आणि 'मूल्यवर्धन'

अ‍ॅप तयार करणाऱ्याच्या दृष्टीने गिरणीमालक हा ग्राहक असतो. परंतु गिरणीमालकाचा ग्राहक शेतकरी असतो. व्यावसायिक ग्राहकासाठी मूल्यवर्धन करणे म्हणजे त्याच्या ग्राहकाला मिळणारी सेवा अशी सुधारणे की त्यामुळे त्याचा स्वतःचा वेळ, पैसा किंवा पत वाढेल. ही साखळी लक्षात न घेता केलेले अ‍ॅप बहुधा मालकाच्या छायाचित्राचे आणि दुकानाच्या पत्त्याचे जाहिरातपत्रक होऊन बसते. शेतकरी ते एकदा उघडून पाहतो. पुन्हा उघडण्याचे कारण त्याला उरत नाही.

मूल्य निर्माण होण्यासाठी तीन अटी पूर्ण व्हाव्या लागतात. पहिली, मिळणारी माहिती ग्राहकाला अन्य मार्गाने सहज मिळत नसावी. दुसरी, ती त्याच्या स्वतःच्या व्यवहाराशी थेट संबंधित असावी. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, ती मिळाल्यावर त्याला काही वेगळे करता यावे. तिसरी अट पूर्ण होत नसेल तर माहिती कितीही अचूक असली तरी तिचे रूपांतर लाभात होत नाही.

४. वारणेचा अनुभव

कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर येथील सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात १९९८ साली 'वारणा वायर्ड व्हिलेज' हा प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांचा परिसर त्यात समाविष्ट होता. गावोगावी संगणक केंद्रे स्थापन करून ती कारखान्याशी जोडावीत आणि ऊस उत्पादकाला त्याची माहिती गावातच मिळावी, अशी कल्पना होती. त्या काळात या प्रकल्पाची देशभर चर्चा झाली.

काही वर्षांनी असे दिसून आले की या संगणकांचा प्रत्यक्ष उपयोग मुख्यतः ठरावीक नोंदींच्या देवाणघेवाणीपुरता होत होता. उसाचे वजन किती भरले, खताचे काय झाले, तोडणीची परवानगी मिळाली काय, असे मोजके प्रश्न आणि त्यांची मोजकी उत्तरे हेच त्याचे स्वरूप होते. एवढ्यासाठी प्रत्येक गावात संगणक, त्याची दुरुस्ती, वीज आणि जोडणी यांवर होणारा खर्च मोठा होता.

या पार्श्वभूमीवर बंगळूर येथील मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी 'वारणा अनवायर्ड' हा प्रयोग हाती घेतला. कारखान्याच्या माहितीसाठ्याशी एक मोबाईल जोडण्यात आला. शेतकऱ्याने ठरावीक पद्धतीने लघुसंदेश पाठवावा आणि त्याच्या खात्यावरील माहिती उत्तरादाखल परत यावी, एवढीच ही व्यवस्था होती. सात गावांत आठ महिने तिची चाचणी झाली. गावातील संगणकांवर जी कामे होत होती ती सर्व लघुसंदेशाद्वारे करता आली. नवी पद्धत आधीच्या पद्धतीपेक्षा स्वस्त व सोयीची ठरली आणि शेतकऱ्यांनीही तिला अधिक पसंती दिली, असा निष्कर्ष संशोधकांनी नोंदवला.

या प्रयोगात नवे यंत्र फारसे नव्हते. शेतकऱ्याच्या खिशात होते तेच साधन वापरले गेले. त्याला मिळणारे उत्तर त्याच्या स्वतःच्या उसाविषयीचे होते, आणि ते कारखान्याच्या मूळ नोंदवहीतून येत असल्याने विश्वासार्ह होते. वर सांगितलेल्या तीन अटींपैकी पहिल्या दोन येथे पूर्ण होतात. गावातल्या केंद्रापर्यंतची फेरी वाचल्याने शेतकऱ्याला आपला दिवस वेगळा वापरता आला, म्हणून तिसरी अटही काही अंशी पूर्ण झाली असे म्हणता येईल.

५. माहिती मिळूनही लाभ का होत नाही?

याच्या उलट बाजूचा अनुभवही महाराष्ट्रातच उपलब्ध आहे. २००७ साली 'रॉयटर्स मार्केट लाईट' ही सेवा महाराष्ट्रात सुरू झाली. वर्गणीदार शेतकऱ्याला बाजारभाव, हवामान आणि पीकसल्ला लघुसंदेशाने मिळत असे. मार्सेल फाफशांप आणि बार्ट मिंटेन या अर्थशास्त्रज्ञांनी राज्यातील १०० गावांत या सेवेचा नियंत्रित प्रयोगाद्वारे अभ्यास केला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, शेतकऱ्याला मिळणारा भाव, पिकाचे मूल्य किंवा पावसामुळे होणारे नुकसान यांवर या सेवेचा सरासरीने लक्षणीय परिणाम आढळला नाही.

केरळमधील अनुभव मात्र वेगळा आहे. १९९७ ते २००१ या काळात तेथील किनाऱ्यावर मोबाईल सेवा टप्प्याटप्प्याने पोहोचली. रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की मासेमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला, ग्राहकाला पडणारा भाव ४ टक्क्यांनी उतरला आणि विक्रीअभावी मासळी फेकून देण्याचे प्रमाण जवळपास संपले.

दोन्ही ठिकाणी फोनवरून भावच कळत होता. मग परिणामात एवढा फरक का? केरळचा मासेमार समुद्रात असतानाच फोन करी आणि ज्या बंदरावर गिऱ्हाईक असेल तिकडे नाव वळवी. नाशवंत मालाला त्या क्षणी दुसरी वाट उपलब्ध होती. जमिनीवरच्या शेतकऱ्यासाठी बाजार बदलणे म्हणजे वाहनभाडे, ओळखीचा अडत्या आणि दिवसभराचा वेळ या सगळ्यांचा नव्याने हिशेब करणे होय. तिसरी अट, म्हणजे कृतीचा मार्ग, येथे निर्णायक ठरते.

६. सानगडीतील व्यवसायांचा विचार

हाच निकष सानगडीला लावला असता एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. धानपट्ट्यातील शेतकऱ्यासाठी बाजारभावाचे अ‍ॅप तुलनेने कमी उपयोगाचे आहे. शासकीय खरेदी केंद्रावरील भाव आधीच जाहीर झालेला असतो. २०२५-२६ च्या खरीप पणन हंगामासाठी साधारण धानाची किमान आधारभूत किंमत प्रतिक्विंटल २,३६९ रुपये जाहीर झाली. जो आकडा सर्वांना ठाऊक आहे तो पुन्हा मोबाईलवर कळवण्यात मूल्यवर्धन नाही. अनिश्चितता भावात नसून वेळेत आहे: नंबर केव्हा लागेल, माल केव्हा तयार होईल, पैसे केव्हा जमा होतील.

खरेदी केंद्राचा कारभार शासकीय यंत्रणेच्या हाती असल्याने त्यात खाजगी अ‍ॅपला फारसा वाव नाही. भात गिरणीचे तसे नाही. घरखर्चाचा तांदूळ भरडून घेण्यासाठी शेतकरी धान घेऊन येतो, रांगेत थांबतो, वीज गेली तर रिकामा परततो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. ट्रॅक्टर भाड्याचा असेल तर थांबण्याचेही पैसे पडतात. बैलबंडी असेल तर माणसाची मजुरी बुडते. गिरणीमालकाच्या बाजूने पाहिले तर एका वेळी पोत्यांचा ढीग आणि दुसऱ्या वेळी रिकामे यंत्र अशी स्थिती निर्माण होते. कोणाचे पोते आधी आले यावरून होणारे वाद वेगळेच. येथे माहिती मिळाली तर दोघांनाही वेगळे वागता येते. म्हणून अल्पखर्ची अ‍ॅपसाठी भात गिरणी हे योग्य उदाहरण ठरते.

७. अ‍ॅपचा आराखडा

अ‍ॅपचे काम एका वाक्यात सांगता आले पाहिजे: 'शेतकऱ्याने योग्य वेळी यावे आणि एकदाच यावे.' या वाक्यात न बसणारी सोय पहिल्या आवृत्तीत घेऊ नये.

(अ) नोंद : धान आल्यावर किंवा फोनवरून कळवल्यावर गिरणीवरील व्यक्ती नाव, मोबाईल क्रमांक, पोत्यांची संख्या व अंदाजे वजन नोंदवते. अ‍ॅप क्रमांक देते. भरडाईची मजुरी रोखीने असो वा कोंडा ठेवून घेण्याच्या बोलीवर, तीही येथेच लिहिली जाते.

(आ) वेळेचा अंदाज : पुढे असलेले एकूण धान भागिले ताशी भरडाई, असे हे साधे गणित आहे. समजा, गिरणी ताशी ८ क्विंटल धान भरडते आणि पुढे ४० क्विंटल आहे, तर नव्या ग्राहकाचा क्रमांक सुमारे ५ तासांनी लागेल. त्याने गिरणीसमोर बसून राहण्याऐवजी शेतावर जावे, हे या आकड्यामुळे ठरवता येते.

(इ) खंडाची नोंद : वीज गेली, पट्टा तुटला किंवा यंत्र दुरुस्तीला आले तर एक बटण दाबताच सर्व वेळा पुढे सरकाव्यात. ही सोय नसेल तर पहिल्याच भारनियमनात अंदाज खोटा ठरेल आणि शेतकरी अ‍ॅपवर पुन्हा भरवसा ठेवणार नाही.

(ई) संदेश : माल तयार झाल्यावर शेतकऱ्याला संदेश जातो. त्यात मिळालेला तांदूळ, कणी व कोंडा यांचे वजन आणि देय रक्कम असावी. वारणेच्या प्रयोगाप्रमाणे ही माहिती मूळ नोंदवहीतूनच यावी.

(उ) जोडणीविना काम : नेटवर्क नसतानाही नोंद थांबता कामा नये. त्यासाठी माहिती प्रथम गिरणीच्या मोबाईलमध्येच साठवावी आणि जोडणी येताच तिची प्रत दूरच्या साठ्यात पाठवावी.

येथे एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. अ‍ॅप फक्त गिरणीच्या मोबाईलवर असले तरी पुरेसे आहे. शेतकऱ्याने काहीही उतरवून घेण्याची गरज नाही. त्याच्याकडे बटणांचा साधा फोन असला तरी संदेश पोहोचतो. पैसे देण्याबाबतही हेच खरे आहे. यूपीआय २०१६ साली सुरू झाले आणि मार्च २०२२ मध्ये आलेल्या 'यूपीआय १२३ पे'मुळे साध्या फोनवरूनही व्यवहार शक्य झाला. अ‍ॅपमध्ये स्वतंत्र देयकव्यवस्था उभारण्याची म्हणूनच आवश्यकता नाही. भिंतीवरचा क्यूआर कोड तेच काम विनामूल्य करतो.

८. मराठी भाषेचा तांत्रिक प्रश्न

अ‍ॅप मराठीत असावे याविषयी दुमत नाही. परंतु मराठीचा खर्चाशी थेट संबंध आहे, ही बाब पुष्कळदा दुर्लक्षित राहते. रोमन लिपीतील एका लघुसंदेशात १६० वर्णचिन्हे मावतात, तर देवनागरीतील संदेशात फक्त ७०. मजकूर ७० च्या पुढे गेला की संदेशाचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र आकार लागतो.

शिवाय यंत्राची मोजणी आणि वाचकाची मोजणी सारखी नसते. 'उद्या' या शब्दात वाचकाला दोन अक्षरे दिसतात. यंत्र मात्र उ, द, हलन्त, य आणि काना अशी पाच चिन्हे मोजते. 'तुमचे धान भरडून तयार आहे. उद्या ११ वाजता यावे.' हे वाक्य यंत्राच्या हिशेबाने ४६ चिन्हांचे आहे, म्हणून एका संदेशात मावते. त्याला 'सस्नेह नमस्कार' आणि गिरणीचे लांबलचक नाव जोडले की एकाऐवजी दोन संदेशांचा खर्च येतो. हंगामात शेकडो संदेश जाणार असतील तर नेटके मराठी लिहिणे हीदेखील काटकसर ठरते.

दुसरा प्रश्न शब्दांचा आहे. पडद्यावर 'तंडुल प्रक्रिया स्थिती' असे लिहिल्यास ते शुद्ध दिसेल, पण कोणाला कळणार नाही. भरडाई, कणी, कोंडा, पोते हे गिरणीवर रोज उच्चारले जाणारे शब्दच अ‍ॅपमध्ये यावेत.

९. खर्चाचा हिशेब

अल्पखर्चाचा विचार करताना पुढील पायऱ्या क्रमाने तपासणे हितावह आहे.

पहिली पायरी म्हणजे अ‍ॅप न बनवणे. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये वस्तूंची यादी, ठरावीक उत्तरे आणि ग्राहकांचे वर्गीकरण या सोयी विनामूल्य मिळतात. किराणा दुकान किंवा कृषी केंद्राची गरज पुष्कळदा एवढ्यावरच भागते. दुसरी पायरी ऑनलाईन तक्त्याची आहे. गिरणीची रांग एका सामायिक तक्त्यात एक हंगाम नोंदवून पाहिली तर अ‍ॅपची खरोखर गरज आहे काय, हे खर्चापूर्वीच कळते. तिसरी पायरी ब्राउझरमध्ये चालणाऱ्या वेब अ‍ॅपची, आणि चौथी स्वतंत्र अँड्रॉइड अ‍ॅपची.

स्वतंत्र अ‍ॅप प्ले स्टोअरवर ठेवण्यासाठी विकसकाला एकदाच २५ डॉलर नोंदणीशुल्क भरावे लागते. अ‍ॅपलच्या व्यवस्थेत हेच शुल्क दरवर्षी ९९ डॉलर आहे. वैयक्तिक नावाने उघडलेल्या नव्या प्ले खात्यांना अ‍ॅप सार्वजनिक करण्यापूर्वी किमान १२ परीक्षकांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. ही अट अडथळा न मानता संधी मानावी. गिरणीचे नेहमीचे कामगार, मालकाचे कुटुंबीय आणि शेजारचे दुकानदार हेच परीक्षक झाले तर दोष आधीच सापडतात.

अ‍ॅप बनवण्याचे साधनही विनामूल्य उपलब्ध आहे. गूगलने २०१० साली सुरू केलेले आणि २०१२ पासून मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीकडे असलेले अ‍ॅप इन्व्हेंटर हे साधन ठोकळे जोडून अ‍ॅप तयार करू देते. परिसरातील महाविद्यालयांमधील विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून असे काम हाती घेतल्यास व्यावसायिकाचा खर्च वाचतो आणि विद्यार्थ्याला खऱ्या ग्राहकाची ओळख होते. मात्र विद्यार्थी उत्तीर्ण होऊन गेल्यावर देखभाल कोण करणार, हे प्रारंभीच ठरले पाहिजे. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांनुसार प्ले स्टोअरवरील अ‍ॅप वेळोवेळी अद्ययावत करावे लागते. न केल्यास नव्या फोनवर ते मिळेनासे होते. अ‍ॅपची खरी किंमत बनवण्याच्या दिवशी संपत नाही.

लघुसंदेशाचाही असाच छुपा खर्च आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार व्यावसायिक संदेश पाठवणाऱ्याला स्वतःची, प्रेषकनामाची आणि मजकुराच्या नमुन्याची पूर्वनोंदणी करावी लागते. एका लहान गिरणीला ही प्रक्रिया जड वाटल्यास आरंभी गिरणीच्या क्रमांकावरून फोन करणे किंवा व्हॉट्सअ‍ॅप संदेश पाठवणे हा सोपा पर्याय राहतो.

१०. नोंदवही कोणाची?

गिरणीच्या वहीत कोणाच्या घरी किती धान आले, कोणाकडे किती बाकी आहे, ही माहिती असते. गावात ही माहिती संवेदनशील मानली जाते. कागदी वही मालकाच्या गल्ल्यात कुलूपबंद असते; अ‍ॅपमधील वही मात्र दूरच्या साठ्यात जाते. 'मोफत' अ‍ॅप निवडताना ती माहिती कोणाच्या ताब्यात जाते आणि सेवा बंद पडल्यास ती परत मिळते काय, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने माहिती गोळा करण्याचा हेतू सांगणे आणि संमती घेणे ही तत्त्वे कायद्यात आणली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. लहान अ‍ॅपसाठी याचा व्यावहारिक अर्थ असा : नाव, क्रमांक आणि वजन यांपलीकडे काही मागू नये, आधार क्रमांक तर मुळीच नको, हंगाम संपल्यावर अनावश्यक नोंदी पुसाव्यात, आणि संपूर्ण वही साध्या तक्त्याच्या स्वरूपात उतरवून घेण्याची सोय मालकाला द्यावी. जी माहिती घेतलीच नाही ती सांभाळण्याचा खर्चही येत नाही.

११. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) मोबाईल सेवेचे मूल्य माहितीच्या प्रमाणावर अवलंबून नसून, ती मिळाल्यावर ग्राहकाला काय करता येते यावर अवलंबून आहे.
(२) वारणेच्या प्रयोगाने दाखवल्याप्रमाणे, लोकांच्या हाती आधीच असलेले साधन आणि विश्वासार्ह मूळ नोंद यांच्या जोडणीतून अल्प खर्चात परिणामकारक सेवा उभी राहू शकते.
(३) सानगडीसारख्या धानाच्या गावी भावापेक्षा वेळेची अनिश्चितता अधिक नुकसानकारक असल्याने रांगेचे व्यवस्थापन हे अ‍ॅपचे पहिले काम असावे.
(४) अ‍ॅप व्यावसायिकाकडे असावे. त्याच्या ग्राहकाला मात्र साधा फोन पुरेसा व्हावा.
(५) एका हंगामाची चाचणी, नेटके मराठी, देखभालीची आधी ठरलेली जबाबदारी आणि कमीत कमी माहितीचा संग्रह या चार गोष्टींनी खर्च आटोक्यात राहतो.

अशा अ‍ॅपचे यश ते किती जणांनी उतरवून घेतले यावर मोजू नये. हंगामाअखेरीस दोन आकडे पाहावेत: भरडाईसाठी शेतकऱ्याला सरासरी किती फेऱ्या कराव्या लागल्या आणि गिरणी किती तास रिकामी राहिली. हे दोन्ही आकडे खाली आले तर व्यावसायिकाचा खर्च सार्थकी लागला असे समजावे. ते तसेच राहिले तर अ‍ॅप कितीही देखणे असले तरी गिरणीमालकाने पुन्हा वहीकडे वळणे हेच शहाणपणाचे ठरेल.